गाडी चालू ठेवून गल्लीच्या तोंडाशी थांबलेल्या भावावर खुनाचं कलम लागतं का?

ताई, तुमचा प्रश्न मोठा आहे आणि घाबरून लिहिलेला आहे, म्हणून आधी तो माझ्या शब्दांत मांडते. काही चुकत असेल तर दुरुस्त करा.

परभणी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. रात्री साडेआठच्या सुमारास सराफ दुकान वाढवून, बॅग घेऊन पायी घराकडे निघाले. तिघांनी गल्लीत अडवून बॅग ओढली. सराफांनी ती सोडली नाही, झटापट झाली, एकाने चाकू मारला आणि दवाखान्यात पोचेपर्यंत ते गेले. बॅग जागेवरच पडली. तुमचा धाकटा भाऊ, वय अठरा-एकोणीस, गल्लीच्या तोंडाशी मोटारसायकल चालू ठेवून उभा होता. दुकानातून काढून टाकलेल्या एका पोराने टीप दिली होती. तो त्या रात्री घरीच होता. गुन्हा खून, जबरी चोरीचा प्रयत्न आणि सामाईक इरादा असा नोंदला आहे, आता 'दरोडाही वाढवतील' अशी चर्चा आहे. भाऊ म्हणतो, 'मला फक्त गाडी घेऊन ये म्हणाले.' गावातले एक जण सांगतात, माफीचा साक्षीदार करा, महिन्याभरात सुटेल. तुम्ही विचारता की हात लावला नाही, रुपया चोरीला गेला नाही, मग खून कसा? आणि जबाब द्यावा की नाही?

मी मराठवाड्यातल्या सत्र न्यायालयांत बरीच वर्षं फौजदारी कामं करते. बहुतेक वेळा आरोपीच्या बाजूने उभी असते, काही खटल्यांत मयताच्या घरच्यांच्या बाजूनेही होते. तुमची एफआयआर आणि रिमांड रिपोर्ट मी पाहिलेला नाही, त्यामुळे पुढचं बरंच 'असं असेल तर' अशा स्वरूपाचं आहे. भावाला भेटून कागद वाचलेल्या वकिलाचं मत माझ्या मताच्या वर धरा.

सगळे नातेवाईक 'त्याने हात लावला नाही' इथेच अडकून बसतात. कोर्ट तिथे थांबत नाही. कोर्ट पाहतं की घटनेच्या आधी याला काय माहीत होतं, घटनेच्या वेळी तो तिथे कशासाठी होता आणि नंतर त्याने काय केलं. पहिलं सगळ्यात वजनदार. चोरी करायची आहे हे माहीत होतं का? माहीत असेल, तर जवळ चाकू आहे हे माहीत होतं का? तुमच्या भावाचं पुढचं आयुष्य बहुतांशी या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर अवलंबून आहे.

ही शंका शंभर वर्षं जुनी आहे. ३ ऑगस्ट १९२३ ला कलकत्त्याच्या शंकरीटोला पोस्टात काही जण घुसले. सब-पोस्टमास्तर मागच्या खोलीत पैसे मोजत होते. 'पैसे द्या' म्हणत गोळ्या झाडल्या, पोस्टमास्तर मेले, आणि एक पैसाही न घेता सगळे पळाले. बरेंद्रकुमार घोष तेवढा पाठलागात सापडला, हातात पिस्तूल होतं. त्याचा बचाव असा, की मी बाहेर अंगणात उभा होतो, घाबरलो होतो, गोळी माझी नाही. प्रकरण प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे ब्रिटिश काळातल्या शेवटच्या अपील न्यायालयापर्यंत गेलं आणि १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निकालात शिक्षा कायम राहिली. ठरलेल्या कामात जो नुसता उभा राहून वाट पाहतो, तोही त्या कामातला वाटेकरी असतो, हा त्याचा गाभा. तेव्हाचं भारतीय दंड संहितेचं कलम ३४ आज भारतीय न्याय संहितेत ३(५) आहे आणि सरकारी वकील आजही हाच निकाल पुढे करतात. तुमच्या बाजूने फरक एवढा, की घोषच्या हातात हत्यार होतं. भावाच्या हातात गाडीचं हँडल होतं.

म्हणून खून त्याला आपोआप चिकटत नाही. काही देशांत जबरी चोरी करताना कोणी मेलं की सगळ्यांवर थेट खून, असा नियम आहे. आपल्याकडे चार जणांच्या जबरी चोरीत तसा नियम नाही. सामाईक इरादा सिद्ध करावा लागतो, आणि तो आधीच्या मेळातून यावा लागतो, हे प्रिव्ही कौन्सिलनेच १९४५ मध्ये महबूब शाहच्या प्रकरणात सांगितलं. लुटायचा इरादा सगळ्यांचा आणि मारायचा एकाचाच, असंही असू शकतं. एकाच घटनेत वेगवेगळे आरोपी वेगवेगळ्या गुन्ह्यांचे दोषी ठरू शकतात, त्यासाठी ३(९) आहे. पण 'अडवला तर दाखवायला चाकू असू दे' हे बोलणं त्याच्यासमोर झालं असेल, तर ही वाट फार अरुंद होते. चाकू घेऊन माणसाला अडवलं की चाकू चालू शकतो, हे कळायला वकील लागत नाही, असं न्यायाधीश म्हणतात आणि त्यात चूक नाही.

'काही गेलंच नाही' या मुद्द्याने फार काही हाती लागत नाही. जबरी चोरीचा नुसता प्रयत्न असेल तर न्याय संहितेचं कलम ३०९(५), सात वर्षांपर्यंत. त्या प्रयत्नात दुखापत केली की ३०९(६): जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी, आणि ती प्रत्यक्ष मारणाऱ्याबरोबर त्या प्रयत्नात सामील असलेल्या प्रत्येकाला. म्हणजे खुनातून सुटला तरी हे कलम डोक्यावर राहतंच. घरच्यांना हे आजच कळलेलं बरं.

आता दरोड्याचं. इथे माणसं मोजावी लागतात. पाच किंवा जास्त जणांनी मिळून जबरी चोरी केली किंवा तसा प्रयत्न केला तर तो दरोडा, कलम ३१०. मोजताना प्रत्यक्ष करणारे आणि तिथे हजर राहून मदत करणारे, दोन्ही धरतात. तुमच्या हकिकतीत तिघे गल्लीत आणि चौथा तुमचा भाऊ. टीप देणारा घरी होता, 'हजर' नव्हता, म्हणून त्याला धरून पाच होत नाहीत. पोलिसांनी आणखी एक जण, समजा बसस्टँडवर थांबून सराफ निघाल्याचा फोन करणारा, आणला तर तो हजर होता का यावर वाद होईल. हा आकडा मी इतका लावून का धरते, तर दरोड्यात एकाने खून केला की ३१०(३) खाली दरोड्यातला प्रत्येक जण जबाबदार होतो. फाशी, जन्मठेप, किंवा किमान दहा वर्षं. तिथे प्रत्येकाचा मारण्याचा इरादा वेगळा सिद्ध करावा लागत नाही. म्हणजे तुमच्या भावासाठी चार आणि पाच यांच्यात आयुष्याचा फरक आहे. दोषारोपपत्र हातात पडलं की वकिलांना पहिल्यांदा विचारा, पाचवा कोण, आणि तो तिथे होता याला पुरावा काय.

हत्याराचंही असंच एक कलम आहे, ३१२. प्राणघातक हत्यार जवळ बाळगून जबरी चोरीचा प्रयत्न केला तर किमान सात वर्षं. पोलीस ते सरसकट सगळ्यांना लावतात. जुन्या दंड संहितेच्या कलम ३९७ बद्दल सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये फूलकुमारच्या प्रकरणात स्पष्ट केलं, की ते ज्याने हत्यार वापरलं त्याच्यापुरतंच आहे. ३१२ ची भाषाही तशीच, ज्याच्याजवळ हत्यार त्याच्यापुरती. भावाजवळ काही सापडलं नसेल तर कोर्ट आरोप निश्चित करतं त्या वेळीच हे मांडायला हवं.

टीप देणाऱ्या पोराच्या आईवडिलांना वाटत असेल, आमचा घरी झोपला होता. त्यांनाही सांगा. कट आणि चिथावणीची कलमं त्याच्यासाठी आहेतच. शिवाय कलम ५१ म्हणतं, की तुम्ही एका गुन्ह्याला मदत केलीत आणि त्यातून दुसराच घडला, तर तो दुसरा तुमच्या मदतीचा संभाव्य परिणाम असल्यास त्याचीही जबाबदारी तुमची. कायद्यातच उदाहरण दिलंय: एकाने दोघांना रात्री घर फोडून लुटायला चिथावलं, हत्यारं पुरवली, घरातल्या एकाने विरोध केला आणि त्याचा खून झाला. खून संभाव्य परिणाम असेल तर चिथावणारा खुनाच्या शिक्षेला पात्र.

एक गोष्ट कळकळीने सांगते. तुमच्या प्रश्नात एक वाक्य आहे, 'त्यांनी बॅग सोडली असती तर हे झालंच नसतं.' हे पुन्हा कुठे बोलू नका, कोर्टात तर नाहीच. जबरी चोरी होत असताना आपला माल वाचवण्याचा हक्क कायद्याने इतका मोठा मानलाय, की कलम ४१ प्रमाणे, कायद्याच्या मर्यादा पाळून, लुटणाऱ्याचा जीव गेला तरी तो बचाव ठरू शकतो. बॅग धरून ठेवणारा माणूस पूर्णपणे आपल्या हक्कात होता. 'त्याने आधी आमच्यावर हात टाकला' हा बचाव लुटायला आलेल्याला मिळत नाही. त्या घरातला माणूस रोजच्यासारखा दुकान बंद करून निघाला होता, एवढंच त्याने केलं होतं.

आता 'मला काहीच माहीत नव्हतं' याबद्दल. खरं असेल तर हा उत्तम बचाव आहे, पण तो वस्तूंवर तपासला जातो. माझ्या एका खटल्यात चालकाचं म्हणणं हेच होतं, मित्राने बोलावलं म्हणून आलो. घटनास्थळाचं फुटेज अंधारं होतं, त्यात काही कळत नव्हतं. तपासी अंमलदाराने बायपासवरच्या पेट्रोल पंपाचं, घटनेच्या दोन तास आधीचं फुटेज आणलं. त्यात हा मुलगा गाडीमागे उकिडवा बसून नंबर प्लेटच्या शेवटच्या दोन आकड्यांवर काळी टेप चिकटवताना दिसत होता. दातांनी टेप तोडून, अंगठ्याने घासून. त्या अंगठ्यापुढे माझ्या युक्तिवादाला फार जागा राहिली नाही. दुसऱ्या एका प्रकरणात उलट घडलं. आरडाओरडा ऐकताच चालक बाकीच्यांना तिथेच टाकून निघाला, थेट घरी गेला आणि वडिलांना सगळं सांगून त्याच रात्री त्यांच्याबरोबर ठाण्यात हजर झाला. घटनेआधीच्या आठवड्यात त्याचा आरोपींशी एकही फोन नव्हता. त्याची खुनातून सुटका झाली.

म्हणून भावाला विचारा: गाडी कोणाची, प्लेट झाकली होती का, त्या दिवशी कोणाचे किती फोन आले, व्हॉट्सअॅपवर काय बोलणं झालं, आधी कधी त्या गल्लीत चक्कर मारली होती का, वाटा ठरला होता का, आणि चाकू मारल्यावर त्याने तिघांना गाडीवर घेतलं की नाही. ही उत्तरं त्याच्या वकिलाला एकांतात मिळू द्या. पोलीस ठाण्याच्या बाकावर बसून तुम्ही विचारू नका.

सीसीटीव्ही आणि कॉल रेकॉर्ड कोर्टात ग्राह्य धरायला प्रमाणपत्र लागतं, साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली. याचा महत्त्वाचा निकाल आपल्या जालन्याच्या विधानसभा निवडणुकीच्या वादातूनच आला, सर्वोच्च न्यायालयाचा, जुलै २०२० चा. प्रमाणपत्र नाही म्हणून पुरावा बाद होतो हे खरं, पण केवळ त्याच्या भरवशावर राहू नका. तपास यंत्रणा आता ते बहुधा वेळेत घेते.

ओळख परेड व्हायची असेल तर एक काळजी घ्या. गावातल्या व्हॉट्सअॅप गटांवर, यूट्यूब चॅनलवर त्याचा फोटो फिरला असेल तर त्याचे स्क्रीनशॉट तारीख-वेळेसह जपून ठेवा. साक्षीदाराने आधीच चेहरा पाहिला असेल तर नायब तहसीलदारांसमोर झालेल्या परेडचं वजन घटतं. आणि तुम्ही स्वतः त्याचा फोटो कोणाला पाठवू नका, 'आमचा मुलगा असा नाही' म्हणूनसुद्धा.

आता माफीचा साक्षीदार. हे पोलिसांच्या हातात नसतं, ते फार तर विनंती करतात. माफी न्यायालय देतं, नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) ३४३-३४४ खाली, आणि अट अशी की स्वतःसकट सगळ्यांबद्दल, माहीत असलेलं सगळं, खरंखरं सांगायचं. इथेच तुमच्या दोन इच्छा एकमेकींवर आदळतात. ज्याला काहीच माहीत नव्हतं, तो काय सांगणार? 'मी निष्पाप, बाकीच्यांनी केलं' अशा साक्षीदाराच्या बोलण्याला कोर्ट फारसं वजन देत नाही. साथीदाराची साक्ष विश्वसनीय आहे का आणि तिला स्वतंत्र दुजोरा आहे का, अशी दुहेरी कसोटी सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्येच, सरवनसिंगच्या प्रकरणात, घालून दिली आहे.

आणि महिन्याभरात सुटका वगैरे काही नाही. आधी जामिनावर नसेल तर माफीचा साक्षीदार खटला संपेपर्यंत कोठडीतच राहतो, कायदाच तसा आहे. पुढे साक्षीत शब्द फिरवला किंवा काही लपवलं, तर त्याच्यावर पुन्हा खटला चालू शकतो आणि त्याने दिलेला जबाब त्याच्याच विरुद्ध येतो. शिवाय ज्यांच्याविरुद्ध बोलला त्यांच्याच गावात उद्या राहायचंय. तरीही काही प्रकरणांत हाच योग्य रस्ता असतो: कट त्याला माहीत होता, पुरावा भक्कम आहे, आणि त्याला मनापासून सगळं सांगायचं आहे, तेव्हा. गावातल्या माणसाने चहाच्या टपरीवर हे ठरवायचं नसतं.

जबाबाबद्दल: पोलिसांपुढे दिलेली कबुली पुरावा म्हणून चालत नाही. पण कोठडीत त्याने सांगितल्यावरून काही वस्तू सापडली, म्हणजे पंचांसमोर 'चाकू कालव्यात टाकला, दाखवतो' म्हणत निघाला आणि चाकू निघाला, तर तेवढा भाग येतो. दंडाधिकाऱ्यांपुढे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खाली दिलेली कबुली मात्र पूर्ण चालते. ती द्यायची सक्ती नाही, आणि ही जाणीव करून देणं दंडाधिकाऱ्यांवर बंधनकारक आहे. त्याने 'मला द्यायची नाही' म्हटलं, तर त्या कारणावरून त्याला परत पोलीस कोठडीत धाडता येत नाही. हे वाक्य त्याच्या कानावर घाला. वकिलाशी निवांत बोलल्याशिवाय कबुली नको.

घरच्यांनी काय करू नये हे मी सगळ्यांना सांगते, कारण इथे निरपराध माणसंही अडकतात. त्या रात्रीचे कपडे धुऊ नका, मोबाइल फॉरमॅट करू नका, गाडी नातेवाइकाकडे हलवू नका. पुरावा नाहीसा करण्याचं कलम २३८ आईलाही लागतं. त्यांच्यातला कोणी फरार आरोपी 'दोन दिवस शेतातल्या आखाड्यावर राहू द्या' म्हणाला तर नाही म्हणा. आरोपीला आसरा देण्याच्या कलमातून सूट फक्त नवरा-बायकोला आहे; आई, बाप, भाऊ, बहीण कोणालाच नाही. साक्षीदारांच्या घरी जाऊ नका, हात जोडायलाही नाही. त्याचा अर्थ दबाव असा लावला जातो आणि जामिनाच्या वेळी तेच पुढे येतं.

वयाचं पाहा. 'अठरा-एकोणीस' एवढ्यावर सोडू नका. आपल्याकडे शाळेत नाव घालताना मास्तर सरसकट एक जून लिहून टाकत, तुमच्याही घरी तसंच असेल. पण घटनेच्या दिवशी अठरा पूर्ण नव्हते असं ठरलं तर प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं, आणि हा मुद्दा कोणत्याही टप्प्यावर काढता येतो. कायदा आधी शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र पाहतो, ते नसेल तर ग्रामपंचायत-नगरपालिकेचा जन्मदाखला, आणि काहीच नसेल तर वैद्यकीय तपासणी. सोळा ते अठरामधल्याला खुनासाठी प्रौढ म्हणून चालवता येतं, पण त्याआधी मंडळाला त्याची समज आणि परिस्थिती तपासावी लागते. पहिल्या शाळेतला प्रवेश निर्गम उतारा या आठवड्यात काढा.

जामिनासाठी घाई करू नका, असं मी सहसा सांगते. पोलीस कोठडी (पीसीआर) चालू असताना, तपास ताजा असताना अर्ज नामंजूर झाला की तो नकार पुढे अडसर बनतो. दोषारोपपत्र आल्यावर भूमिका स्पष्ट दिसते: चालक, हत्यार नाही, वार नाही, आधीचा गुन्हा नाही. सत्र न्यायालयाने नाही म्हटलं तर उच्च न्यायालयाचं छत्रपती संभाजीनगरचं खंडपीठ आहे. त्याच मुलांवर आधीची दोषारोपपत्रं असतील आणि मकोका, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा, लावण्याची हालचाल दिसली, तर मात्र हे सगळं गणित बदलतं. तेव्हा लगेच उच्च न्यायालयात काम करणारा वकील गाठा.

एक तारीख मात्र वहीत लिहून ठेवा. पहिल्या रिमांडच्या दिवसासकट नव्वद दिवस मोजा. खुनाच्या गुन्ह्यात तोपर्यंत दोषारोपपत्र दाखल झालं नाही, तर जामीन हा त्याचा हक्क ठरतो. पण अर्ज दोषारोपपत्र येण्याआधी द्यावा लागतो. ते आधी दाखल झालं तर हक्क गेला. एक्याण्णवाव्या दिवशी सकाळी कोर्ट उघडताच अर्ज तयार हवा.

वकिलाच्या फीसाठी शेत गहाण टाकायची वेळ येत असेल तर थांबा. कोठडीतल्या आरोपीला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, तिथे लोकअभिरक्षक कार्यालयाची, म्हणजे आरोपींना मोफत वकील देणाऱ्या कार्यालयाची, चौकशी करा. जाताना एफआयआरची प्रत, अटकेची सूचना दिल्याचा कागद, शाळेचा उतारा आणि घटनेच्या दिवशी भाऊ सकाळपासून कुठे कुठे होता याची तुम्हाला जेवढी खात्रीने माहिती आहे तेवढी वेळेसह लिहून न्या. जे ऐकीव आहे ते त्यात घालू नका.